ज्येष्ठांसाठी तोंडाच्या आरोग्याचं सत्र: तयारीपासून पाठपुराव्यापर्यंत

१ ऑक्टोबरचा ज्येष्ठ नागरिक दिन किंवा २० मार्चचा जागतिक मौखिक आरोग्य दिन जवळ आला की ज्येष्ठ नागरिक संघांत, वृद्धाश्रमांत, गावच्या समाजमंदिरात दातांवरचे कार्यक्रम लागतात. दीपप्रज्वलन होतं, पाहुण्यांचा सत्कार होतो, पडद्यावर किडलेल्या दातांची चित्रं दाखवत पाऊण तास भाषण होतं, शेवटी टूथपेस्टचं छोटं पाकीट हातात पडतं. त्या रात्री आजोबा कवळी तोंडात ठेवूनच झोपतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आजी मशेरी लावतात. कार्यक्रमात त्यांनी ऐकलं खूप, पण स्वतःच्या हाताने काहीच केलं नाही, म्हणून सवय होती तिथेच राहिली.

संघाचे कार्यकर्ते, आशाताई, दंतमहाविद्यालयाचे इंटर्न, वृद्धाश्रमाचे व्यवस्थापक किंवा आपल्या सोसायटीत असा कार्यक्रम घ्यायचं मनात असलेलं कोणीही, या सगळ्यांसाठी हा लेख आहे. सत्र जमलं की नाही हे तीन गोष्टींवरून ठरवायचं: आलेल्या माणसाने आपलं तोंड आरशात नीट पाहिलं का, ब्रश किंवा कवळी स्वतः घासून दाखवली का, आणि ज्याला दंतवैद्याची गरज आहे तो त्यांच्यापर्यंत पोचला का. पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या. क्रम का महत्त्वाचा, ते त्या त्या ठिकाणी सांगितलं आहे.

टप्पा १: आठवडाभर आधी जाऊन विचारपूस

बहुतेक सत्रं इथेच फसतात, कारण हा टप्पा कोणी घेतच नाही. "ज्येष्ठ" म्हणून एका सतरंजीवर बसलेल्या माणसांची तोंडं एकसारखी नसतात. काहींचे बहुतेक दात शाबूत असतात. काहींचे चार-सहा दात उरलेले असतात आणि मध्ये काढ-घाल करायची अर्धी कवळी असते. काहींना वर-खाली पूर्ण कवळी असते. काहींना दातही नाहीत आणि कवळीही नाही. ते हिरड्यांवरच भाकरी कुस्करून खातात. आणि काहींचा ब्रश दुसऱ्या कोणाच्या हातात असतो: सुनेच्या, मुलीच्या किंवा सांभाळायला ठेवलेल्या मावशींच्या. सगळ्यांना एकच ब्रशचा धडा दिला, तर दात नसलेल्या आजोबांनी तिथे करायचं काय?

म्हणून आधी एकदा जा, नावं लिहून घ्या आणि प्रत्येकाला साध्या भाषेत विचारा:

- सकाळी दात कशाने घासता? रात्री काही करता का?
- कवळी आहे का? किती वर्षांची? झोपताना कुठे ठेवता?
- कुठल्या बाजूने चावता? दुसऱ्या बाजूने का नाही?
- रात्री पाणी प्यायला उठावं लागतं का? कोरडा घास घशात अडकतो का?
- दातांच्या डॉक्टरकडे शेवटचं कधी गेला होता, आणि कशासाठी?

पहिला प्रश्न "व्यसन आहे का?" असा विचारू नका. मशेरी लावणाऱ्या बाईला ते व्यसन वाटत नाही, तिच्या लेखी ते दात घासणंच असतं. व्यसनाचं विचाराल तर ती "नाही" म्हणेल आणि तिच्या मनाप्रमाणे ते खरंच असेल. "कशाने घासता?" असं विचारलं की भाजलेल्या तंबाखूची डबी आपणहून पुढे येते.

सत्राच्या दिवशी सोबत काय आणायचं तेही याच भेटीत सांगून ठेवा: रोजचा ब्रश, कवळी ठेवायची डबी आणि चालू गोळ्यांची पाकिटं. "बीपीची पांढरी गोळी" एवढ्यावरून काही कळत नाही, पाकीटच हवं. त्यावर पुढच्या गोष्टी बघायच्या असतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या असतील तर दात काढताना दंतवैद्याला ते माहीत असावं लागतं. हाडं ठिसूळ झाली म्हणून अलेन्ड्रोनेटसारखी गोळी किंवा झोलेड्रोनिक ॲसिडचं इंजेक्शन घेतलेलं असेल, तर दात काढल्यावर जबड्याचं हाड न भरण्याचा धोका असतो. रक्तदाबासाठीच्या ॲम्लोडिपिनने काहींच्या हिरड्या सुजून वाढतात. लघवी जास्त व्हायच्या, ॲलर्जीच्या, नैराश्याच्या, मूत्राशयाच्या आणि कंपवाताच्या अनेक औषधांनी तोंड कोरडं पडतं.

सावधान: दात काढायचा म्हणून रक्त पातळ करणारी गोळी कोणीही आपल्या मनाने बंद करायची नाही. दंतवैद्य आणि ती गोळी देणारे डॉक्टर आपसात बोलून ते ठरवतात. हे वाक्य सत्रात दोनदा म्हणा. गोळी थांबवल्याने होणारा पक्षाघात हा दातातून आलेल्या रक्तापेक्षा कितीतरी भयंकर असतो.

पुढे पाठवायचं कुठे, हेही याच आठवड्यात पक्कं करा. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय दंतमहाविद्यालयं आहेत, मुंबईत महापालिकेचं नायर दंत महाविद्यालयही आहे. इतर जिल्ह्यांत जिल्हा रुग्णालयाचा दंतविभाग किंवा जवळचं खासगी दंतमहाविद्यालय बघा. प्रत्यक्ष जाऊन केसपेपर कुठे निघतो, किती वाजेपर्यंत, लिफ्ट आहे का, कवळीसाठी किती फेऱ्या पडतात, हे विचारून या. पत्ता देऊन माणूस पोचत नाही. कुठल्या खिडकीपाशी उभं राहायचं ते सांगितलं की पोचतो.

तपासा: तुमच्या यादीत प्रत्येक नावापुढे पाचपैकी कुठला गट, हे लिहिलं आहे का? नसेल तर सत्राची तारीख पुढे ढकला.

टप्पा २: वेळ, जागा आणि माणसं

एका सत्राला वीस-पंचवीसहून जास्त माणसं नकोत, आणि दर पाच-सहा जणांमागे एक मदतनीस हवा. शंभर जण येणार असतील तर चार सत्रं करा. सकाळचा नाश्ता आणि गोळ्या झाल्यावर, म्हणजे दहाच्या सुमाराची वेळ उत्तम. जेवणाआधीची वेळ टाळा, मधुमेही माणसाला उपाशी बसवणं धोक्याचं.

जागा तळमजल्यावर, उजेडाची, जवळ नळ आणि स्वच्छतागृह असलेली. खुर्च्या ओळीत मांडू नका, पाच-सहाचे घोळके करा. एका कोपऱ्यात पडदा किंवा चादर बांधून आडोसा करा. कवळी चारचौघांत काढायला कोणालाच आवडत नाही. बायका तर पदर तोंडाशी धरूनच बसतात, आणि त्यात चूक काही नाही.

बोलणाऱ्याने मास्क लावला की कमी ऐकू येणाऱ्यांचा निम्मा आधार जातो, कारण ते ओठ बघून समजून घेत असतात. म्हणून शिकवताना मास्क काढून, समोर तोंड करून, सावकाश बोला. तोंड तपासताना मात्र मास्क आणि हातमोजे लावाच.

टप्पा ३: साहित्य

प्रत्येकाला एक हातातला आरसा. मदतनीसागणिक एक बॅटरी. मऊ ब्रश, फ्लोराइडची टूथपेस्ट, कागदी पेले, थुंकायला टब, जुने टॉवेल, कवळीसाठी झाकणाच्या डब्या, भांडी घासायचं पातळ साबण, हातमोजे, न पुसणारं पेन आणि चिठ्ठ्यांचं पुस्तक. हातमोजे दर माणसामागे बदलायचे, सॅनिटायझर चोळून तेच पुन्हा वापरायचे नाहीत.

पत्रक छापणार असाल तर एकाच पानाचं, ठळक मोठ्या अक्षरात, पांढऱ्या कागदावर काळ्या शाईत. रंगीत पार्श्वभूमीवरची अक्षरं मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना दिसत नाहीत.

टप्पा ४: पहिली दहा मिनिटं त्यांना बोलू द्या

सत्कार आणि मनोगतं असतीलच तर शेवटी ठेवा, कारण सुरुवातीला माणसं ताजीतवानी असतात आणि तोच वेळ कामाचा. "दातांबद्दल घरात काय ऐकत आलात?" एवढंच विचारा. चार गोष्टी हमखास येतील: वय झालं की दात पडायचेच, वरची दाढ काढली की नजर जाते, दात साफ करून घेतले की हलायला लागतात, आणि दातच नाहीत तर डॉक्टरकडे कशाला जायचं.

कोणाला हसू नका, खोडून काढायची घाईही करू नका. उत्तर मात्र स्पष्ट द्या. दात पडतात ते कीड आणि हिरड्यांच्या आजाराने, वयाने नव्हे; वय एवढंच करतं की आजाराला जास्त वर्षं मिळतात. दाढेच्या आणि डोळ्याच्या नसा वेगळ्या असतात, त्यामुळे दाढ काढल्याने नजर जात नाही. साफ केल्यावर दात हलल्यासारखे वाटतात, कारण त्यांना इतके दिवस धरून ठेवलेला किटणाचा थर निघालेला असतो. हाड त्याच्याआधीच झिजलेलं असतं. आणि दात नसले तरी जीभ, गाल, टाळू आहेतच, तोंडाचा कर्करोग तिथेही होतो.

टप्पा ५: आरसा

ब्रश शिकवण्याआधी आरसा, हा क्रम उलटा करू नका. स्वतःच्या हिरडीतून आलेलं रक्त किंवा कवळीखालची लाल टाळू एकदा डोळ्यांनी पाहिली की पुढचं सगळं माणूस लक्ष देऊन ऐकतो.

कवळी असेल तर आधी आडोशाला जाऊन ती काढायची आणि डबीत पाण्यात ठेवायची. मग हातात आरसा, मदतनीसाच्या हातात बॅटरी, आणि या क्रमाने बघायचं:

1. ओठ बाहेरून, मग उलटवून आतून.
2. गाल बोटाने बाहेर ओढून दोन्ही बाजू. तंबाखूची गोळी जिथे धरतात ती जागा नीट बघायची.
3. हिरड्या आणि दात. दात हिरडीला मिळतो त्या रेषेवर तपकिरी खड्डे आहेत का?
4. जीभ बाहेर काढून वरून, मग दोन्ही कडा, मग टोक टाळूला लावून खालची जागा.
5. टाळू, मान मागे करून. चक्कर येणाऱ्यांनी मान मागे न्यायची नाही, मदतनीसाने वाकून बघावं.
6. शेवटी तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका एकावर एक ठेवून उभी तोंडात जातात का ते बघायचं. जात नसतील तर तोंड आखडतंय.

तिसऱ्या पायरीवर थोडं थांबा. उतारवयात हिरडी खाली सरकते आणि दाताचं मूळ उघडं पडतं. मुळावर वरच्या भागासारखं कठीण कवच नसतं, त्यामुळे तिथे कीड झपाट्याने शिरते आणि बऱ्याचदा दुखतही नाही. एखाद्या दिवशी घास चावताना दात मुळाशी मोडून हातात येतो, आणि लोक म्हणतात, "वय झालं." दुखत नाही म्हणजे बरं आहे, हा समज ज्येष्ठांना सर्वांत जास्त महागात पडतो.

सावधान: दोन आठवड्यांत न भरलेली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, गाठ, बधिरपणा, गिळताना अडखळणं, मानेत हाताला लागणारा गोळा किंवा न उघडणारं तोंड, यांपैकी काहीही दिसलं तरी "हा कॅन्सर आहे" असं म्हणू नका आणि "काही नाही" असंही म्हणू नका. "हे डॉक्टरांनी या आठवड्यात बघायला हवं," एवढंच बोला आणि चिठ्ठीवर खूण करा. तिशीपुढच्या सगळ्यांची तोंडाच्या कर्करोगासाठी पाहणी सरकारी आरोग्य केंद्रांवर करायची योजना आहे, त्यामुळे पहिली पायरी गावातही मिळू शकते.

टप्पा ६: ब्रश, ज्यांना दात आहेत त्यांच्यासाठी

प्लॅस्टिकच्या मोठ्या जबड्यावर दाखवून थांबू नका. प्रत्येकाने आपल्या ब्रशने, आपल्या तोंडात करायचं, तुम्ही बघायचं.

ब्रश मऊ केसांचा. केस बाहेर पसरलेले असतील तर तो ब्रश तिथेच बदलून द्या. वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. केस तिरपे धरून दात आणि हिरडी मिळतात त्या रेषेवर टेकवायचे आणि जागच्या जागी हलके हलवायचे. आडवं करवतीसारखं घासलं की मुळाशी खाच पडते. बाहेरची बाजू, आतली बाजू, चावायची बाजू, मग जीभ. सगळं मिळून दोन मिनिटं. एकटा-दुकटा उरलेला दात चारही बाजूंनी घासायचा, कारण अर्ध्या कवळीची तार त्यालाच धरून असते.

झाल्यावर थुंकायचं, पण पेलाभर पाण्याने खळखळून चुळा भरायच्या नाहीत, नाहीतर मुळाशी बसायला हवं असलेलं फ्लोराइड वाहून जातं. हे ज्येष्ठांना पटायला वेळ लागतो, पाच चुळा भरल्याशिवाय तोंड धुतल्यासारखंच वाटत नाही. एका घोटाने ओठ-तोंड पुसल्यासारखं करा, अशी तडजोड चालते.

दिवसातून दोनदा, आणि एकच वेळ जमणार असेल तर रात्रीची. झोपेत लाळ कमी होते आणि तोंडात राहिलेला घास रात्रभर काम करतो. रात्रीच्या ब्रशनंतर पाण्याशिवाय काही नाही: खडीसाखर नाही, खोकल्याचं गोड औषध नाही, गोळीबरोबर दोन घोट दूध नाही. गोड औषध आधी, ब्रश नंतर.

कोळसा, राखुंडी, विटकरीची भुकटी आणि रोज चोळलेलं जाड मीठ यांनी दात झिजतात. बोटाने मंजन लावणाऱ्यांना बोट सोडायला लावणं कठीण असतं, तेव्हा "सकाळी मंजन राहू द्या, रात्री ब्रश आणि पेस्ट" इथून सुरुवात करा. पेस्ट घेताना वेष्टनावर फ्लोराइड लिहिलेलं आहे का, हे वाचायला नातवाला सांगा.

हात थरथरत असतील किंवा बोटांचे सांधे आखडले असतील, तर ब्रशच्या दांड्याला जुन्या टॉवेलची पट्टी गुंडाळून वर रबर लावा, किंवा सायकलच्या मुठीचं रबर चढवा. जाड दांडा धरायला सोपा जातो. परवडत असेल तर बॅटरीवरचा ब्रश घ्या. अर्धांगवायू झालेल्यांच्या लुळ्या बाजूच्या गालात घास साचतो आणि त्यांना तो कळत नाही, त्यामुळे जेवण झाल्यावर त्या गालात बोट फिरवून बघायची सवय लावायची.

तपासा: "समजलं का?" विचारलं तर सगळे मान डोलावतात. "आता मला करून दाखवा" म्हणा. न सांगता, क्रमाने, आतल्या बाजूसह केलं, तरच हा टप्पा संपला.

टप्पा ७: कवळी

इथे घाई करू नका, चुका सर्वांत जास्त इथेच होतात.

आधी टबात तळाला थोडं पाणी किंवा खाली जाड टॉवेल. ओली कवळी हातातून निसटतेच, आणि फरशीवर पडली की तडकते. कवळी एका हाताच्या तळव्यात सैल धरायची, मुठीत आवळली तर खालची कवळी मधोमध मोडते. मऊ ब्रशवर साबणाचे दोन थेंब घेऊन आधी आतली, टाळू-हिरडीला टेकणारी बाजू घासायची. लोक दिसणारे दातच चमकवतात आणि बुरशी बसते ती आतल्या बाजूला. मग बाहेरची बाजू, तारा असतील तर तारांच्या आत, आणि भरपूर पाण्याने धुवायचं.

टूथपेस्टने कवळी घासायची नाही. पेस्टमधल्या बारीक कणांनी प्लॅस्टिकवर ओरखडे पडतात आणि त्यांत घाण धरते. उकळतं पाणी नाही, कवळी वाकते आणि मग बसत नाही. तारेच्या कवळीला ब्लीच नाही. कवळी भिजवायच्या फसफसणाऱ्या गोळ्या वापरत असाल तर त्या डबीतल्या पाण्यात टाकायच्या, तोंडात कधीच नाही, आणि कवळी धुऊनच घालायची.

कवळी स्वच्छ झाली म्हणजे तोंड स्वच्छ झालं असं नाही. हिरड्या, टाळू आणि जीभ मऊ ब्रशने किंवा ओल्या सुती कापडाने रोज पुसायची. हा भाग जवळजवळ सगळेच विसरतात.

आणि रात्री कवळी काढायचीच. पाण्याने भरलेल्या झाकणाच्या डबीत ती ठेवायची, पाणी रोज बदलायचं. दिवसरात्र घातलेल्या कवळीखाली टाळू लालभडक होते. ते बुरशीमुळे असतं आणि दुखत नाही, म्हणून कळत नाही. जपानमध्ये ८५ वर्षांवरच्या ५२४ जणांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कवळी घालून झोपणाऱ्यांमध्ये न्यूमोनियाचा धोका इतरांच्या दुपटीहून अधिक आढळला. ही गोष्ट सत्रात जरूर सांगा, कारण "झोपेत काय होतंय" असं म्हणणारे आजोबा न्यूमोनिया म्हटल्यावर ऐकतात. काहींना जोडीदारासमोर बोळकं तोंड दाखवायचा संकोच असतो. तो समजून घ्या आणि दिवसा निदान काही तास हिरड्यांना विसावा द्यायला सांगा.

सैल कवळी घरी घासून किंवा झटपट चिकटणाऱ्या गोंदाने जोडून वापरायची नाही. हिरडीखालचं हाड वर्षानुवर्षं झिजत जातं आणि कवळी सैल होते, तेव्हा ती डॉक्टरांकडून आतून भरून घ्यावी लागते किंवा नवी करावी लागते. बोचणाऱ्या कवळीची जखम दोन आठवड्यांत भरली नाही तर तपासणी हवीच.

सावधान: कवळी रुमालात किंवा कागदात गुंडाळून ठेवू नका. दवाखान्यात जेवणाच्या ताटाबरोबर अशा कवळ्या कचऱ्यात जातात. वृद्धाश्रमात डबीवर नाव लिहा आणि कवळीवर खूण करायची सोय दंतवैद्याकडून करून घ्या, नाहीतर धुताना अदलाबदल ठरलेली.

टप्पा ८: कोरडं तोंड आणि चहाबरोबरची साखर

लाळ दातांना धुते आणि वाचवते. ती आटली की वर्षभरात ओळीने दात किडू शकतात. घसा कोरडा पडतो म्हणून ज्येष्ठ माणूस दिवसभर गोळ्या, आवळा कँडी, खडीसाखर चघळतो, आणि त्यानेच कीड वाढते. त्याऐवजी घोटघोट पाणी, साखर नसलेली चघळगोळी, बिनसाखरेची बडीशेप. ज्यांना डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलं आहे त्यांनी नुसतं तोंड ओलं करून थुंकावं. अल्कोहोल असलेले माउथवॉश कोरडेपणा वाढवतात. दम्याचा पंप ओढल्यावर प्रत्येक वेळी चूळ भरायची.

चहा सोडा म्हणू नका, कोणी सोडत नाही. दिवसातून पाच वेळा चहा-बिस्कीट होत असेल तर बिस्किटं दोन वेळांवर आणा, आणि तीही जेवणाच्या जवळ. किती साखर खाल्ली यापेक्षा किती वेळा खाल्ली हे दातांना जास्त लागतं. मधुमेह्यांना आणखी एक सांगा: साखर वाढली की हिरड्या बिघडतात, आणि हिरड्या सुजलेल्या असल्या की साखर आटोक्यात ठेवणं अवघड होतं. सत्रानंतरच्या अल्पोपाहारात क्रीमची बिस्किटं ठेवू नका, फुटाणे चावत नसतील तर उपमा ठेवा.

टप्पा ९: मशेरी, तंबाखू, खर्रा, मावा

हा विषय मुद्दाम इतक्या उशिरा घेतला आहे. सुरुवातीलाच काढला तर बायका गप्प होतात आणि पुरुष उठून जातात. आरसा आणि ब्रशपर्यंत तुमच्याशी बोललेला माणूस आता ऐकून घेईल.

तंबाखू असलेल्या मंजनावर आणि टूथपेस्टवर देशात १९९२ पासून बंदी आहे, पण तव्यावर भाजून कुटलेली मशेरी घरातच बनते. तिच्याने शौचाला साफ होते, दात दुखायचे थांबतात, असं बायका सांगतात. त्यांना वाटणारा आराम खोटा नाही, तंबाखूने दुखणं दबतं आणि आतला आजार वाढत राहतो. दुखऱ्या दाढेत तंबाखूची गोळी धरणाऱ्यांनाही हेच सांगा. त्याच जागी ॲस्पिरिन ठेवली तर गाल पोळतो.

एका दमात सुटत नाही. दिवसातून किती वेळा ते मोजायला सांगा, आधी झोपतानाची वेळ बंद करा, मग दुपारची. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय मोफत क्रमांकावर तंबाखू सोडायला मदत मिळते, तो चिठ्ठीवर लिहून द्या. शक्य असेल तर पहिला फोन तिथेच, सोबत बसून लावा.

टप्पा १०: सांभाळणाऱ्यांसाठी वेगळा अर्धा तास

अंथरुणाला खिळलेला माणूस सत्राला येत नाही, म्हणून त्याला सांभाळणाऱ्यांना बोलवा. उशा लावून रुग्णाला शक्य तितकं बसतं करायचं, जमत नसेल तर कुशीवर वळवून तोंड खालच्या बाजूला. आडवं झोपवून तोंडात पाणी घालायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. काय करणार ते आधी सांगायचं, समोरून यायचं. ओल्या मऊ ब्रशला पेस्ट नुसती पुसल्यासारखी लावायची, फेस होऊ द्यायचा नाही, निघालेला मळ ओल्या कापडाने टिपून घ्यायचा. बोटं दातांच्या मध्ये घालायची नाहीत. विसराळूपणाचा आजार असलेली माणसं दचकून चावतात. ओठांना खोबरेल तेलाचं बोट. रुग्ण तोंड उघडत नसेल तर झगडू नका, तासाभराने पुन्हा जा. न बोलणारा माणूस अचानक जेवण नाकारू लागला, गालावर हात ठेवू लागला किंवा कवळी फेकू लागला, तर आधी तोंड बघा.

टप्पा ११: चिठ्ठी

निघताना प्रत्येकाच्या हातात एक चिठ्ठी हवी, आणि तिच्यावर तीनच गोष्टी: रोज करायचं एक काम, दाखवायचं असेल तर कुठे आणि कोणत्या वारी, आणि चालू गोळ्यांची नावं. सगळं शिकवलेलं लिहू नका. ज्याची कवळी रात्री तोंडात असते त्याच्या चिठ्ठीवर "रात्री कवळी डबीत", बस. तातडीच्या चिठ्ठ्यांची एक प्रत स्वतःकडे ठेवा, सोबत कोण जाणार त्याचं नाव लिहा, आणि घरच्या माणसाला त्याच दिवशी फोन करा. त्या आधी ज्येष्ठांची परवानगी घ्या. तोंड उघडलेल्या माणसांचे फोटो गटावर टाकायचे नाहीत.

टप्पा १२: पंधरा दिवसांनी पुन्हा

दुसरी भेट ठरवल्याशिवाय पहिलं सत्र घेऊ नका. या भेटीत काही नवं शिकवायचं नाही. यादी काढायची आणि प्रत्येकाला विचारायचं: ब्रश दाखवा, डबी दाखवा, करून दाखवा. ब्रश कोरडा ठणठणीत आणि केस नवे असतील तर तो वापरला गेलेला नाही. रागवू नका, अडलं कुठे ते विचारा. बहुतेक वेळा कारण साधं निघतं: रात्री बेसिनपाशी उजेड नाही, फरशी ओली असते, पडायची भीती वाटते. तिथे उपदेश कामाचा नाही. पलंगाजवळ तांब्या, वाटी आणि खुर्ची ठेवली की काम होतं.

ज्यांना पाठवलं होतं आणि जे गेले नाहीत, त्यांचीही कारणं लिहून घ्या: पैसे, सोबत, भीती किंवा "दुखायचं थांबलं". दुखायचं थांबलेल्या दाताची नस मेलेली असू शकते आणि खाली पू साठत असतो, हे त्यांना समोर बसून सांगा. चट्टा किंवा न भरलेली जखम असलेला एक जरी माणूस जायचा राहिला असेल, तर पुढचं सत्र बाजूला ठेवा आणि आधी त्याला रिक्षात बसवून घेऊन जा.